लिव्हरच्या पेशंटची डाळ बंद करू नका

लिव्हर सिरॉसिसच्या पेशंटला घेऊन घरची मंडळी तपासणीला येतात, तेव्हा एक वाक्य हमखास ऐकू येतं: "डॉक्टर, डाळ, दूध, अंडी सगळं बंद केलंय." पथ्य कडक पाळल्याचं समाधान त्यात असतं. समोरच्या माणसाचे गाल मात्र आत गेलेले असतात आणि दंड काडीसारखे झालेले असतात.

माझं मत स्पष्ट आहे. हे पथ्य बहुतेक पेशंटसाठी चुकीचं आहे आणि त्याचा दोष घरच्यांपेक्षा आम्हा डॉक्टरांकडे जास्त जातो. आम्ही "प्रोटीन कमी करा" असं वर्षानुवर्षं सांगत आलो. ते का चुकलं, हे कळण्यासाठी तुम्हाला एका एन्झाइमचा पत्ता माहीत असायला हवा. त्याचं नाव ग्लुटामिन सिंथेटेज.

अमोनिया येतो कुठून?

आपण खाल्लेल्या प्रोटीनपासून शरीरात आणि आतड्यातल्या जिवाणूंमुळे अमोनिया तयार होतो. निरोगी लिव्हर त्याचा युरिया बनवतं आणि तो लघवीवाटे निघून जातो. सिरॉसिसमध्ये हे काम नीट होत नाही. शिवाय आतड्याकडून येणारं काही रक्त लिव्हरला वळसा घालून पुढे जातं. अमोनिया रक्तात साठतो आणि मेंदूत पोचतो.

मेंदूला अमोनियापासून युरिया बनवता येत नाही. त्याच्याकडे मुख्य उपाय एकच: ग्लुटामिन सिंथेटेज. हे एन्झाइम अमोनिया आणि ग्लुटामेट यांना जोडून ग्लुटामिन तयार करतं.

एन्झाइम कुठे आहे, याला महत्त्व का?

विचार, हालचाल, आठवण ही कामं चेतापेशींची, म्हणून हे एन्झाइमही त्यांच्यातच असेल असं वाटतं. पण मायकेल नॉरेनबर्ग आणि अँटोनियो मार्टिनेझ-हर्नांडेझ यांनी 1979 साली उंदराच्या मेंदूत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिलं, तेव्हा ते ॲस्ट्रोसाइट नावाच्या पेशींत दिसलं. ताऱ्यासारख्या आकाराच्या या पेशी चेतापेशींची देखभाल करतात. त्यांच्याभोवतीचं पाणी, क्षार आणि रसायनं सांभाळतात.

म्हणजे अमोनियाचा भार मुख्यतः या सांभाळणाऱ्या पेशींवर पडतो. त्यांच्यात ग्लुटामिन साठतं, ते पाणी ओढून घेतं आणि पेशी फुगतात. मग चेतापेशींची निगा नीट राखली जात नाही आणि माणूस बदलतो. रात्रभर जागा, दिवसा झोपलेला. सही वेडीवाकडी. पुढे केलेले हात फडफडतात. साधा हिशोब जमत नाही, चिडचिड वाढते. याला हिपॅटिक एन्सेफॅलोपॅथी म्हणतात.

घरात याला "म्हातारचळ लागलाय", "परत पिऊन आलाय" किंवा "बाहेरची बाधा आहे" असं म्हटलं जातं. कृपया असं म्हणू नका. सिरॉसिस दारू न पिणाऱ्यालाही होतो, आणि हे वागणं स्वभावाचं नसून आजाराचं लक्षण आहे.

मग प्रोटीन बंद का करायचं नाही?

बंदीचा विचार जुना आहे. 1893 साली इव्हान पाव्हलोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांमध्ये आतड्याचं रक्त लिव्हर टाळून पुढे वळवलं. त्या कुत्र्यांना मांस दिल्यावर त्यांचा तोल जाऊ लागला, काही बेशुद्ध झाले. त्यावरून "प्रोटीन वाईट" हा समज रुजला.

त्यात एक गोष्ट सुटली. ग्लुटामिन सिंथेटेज आपल्या स्नायूंमध्येही असतं. लिव्हर थकलं की रक्तातला अमोनिया टिपून घेण्यात स्नायूंचा मोठा हातभार लागतो. तुम्ही डाळ-दूध बंद करता तेव्हा शरीर स्वतःचे स्नायू मोडून खातं. त्यातूनही अमोनिया निघतोच आणि तो टिपणारा मदतनीसही कमी होतो. सगळा भार पुन्हा मेंदूतल्या त्या ॲस्ट्रोसाइटवर येतो.

2004 साली बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी या आजाराचा झटका आलेल्या पेशंटमध्ये कमी प्रोटीनचा आणि नेहमीएवढ्या प्रोटीनचा आहार यांची तुलना केली. प्रोटीन कमी करून मेंदूची स्थिती लवकर सुधारली नाही, उलट शरीरातल्या प्रोटीनची मोडतोड वाढली. अभ्यास छोटा होता, पण आज सल्ला याच दिशेने दिला जातो: वजनाच्या दर किलोला रोज 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रोटीन. 60 किलोच्या माणसाला हे 72 ते 90 ग्रॅम होतात. एका वाटी वरणात जेमतेम पाच-सात ग्रॅम असतात. आता सांगा, ती वाटीही काढून घ्यायची?

घरी काय कराल?

- वरण, उसळ, दही, दूध, पनीर चालू ठेवा. मांसापेक्षा डाळी आणि दुधाचे पदार्थ अशा पेशंटना सहसा जास्त मानवतात.
- रात्रभर उपाशी ठेवू नका. झोपण्यापूर्वी दूध-पोहे किंवा दूध-पोळी द्या. उपासतापास टाळा.
- लॅक्टुलोज हे फक्त बद्धकोष्ठतेचं औषध नाही. ते आतड्यातला अमोनिया अडवून बाहेर काढतं. दिवसातून दोन-तीन वेळा मऊ शौचाला होणं हे ध्येय. बरं वाटलं म्हणून स्वतःहून बंद करू नका आणि जुलाब होतील इतकंही देऊ नका.
- झोपेची गोळी मनाने देऊ नका.
- पोटात पाणी असेल तर प्रोटीन नव्हे, मीठ कमी करा. पापड-लोणचं दूर ठेवा.
- अचानक गोंधळ वाढला, काळी शौच किंवा रक्ताची उलटी झाली, ताप आला, तर लगेच हॉस्पिटल गाठा. पेशंट गुंगीत असेल तर तोंडात काहीही घालू नका.

एक अपवाद: काही मुलांमध्ये अमोनियाचा युरिया करण्याचा जन्मजात दोष असतो. तिथे प्रोटीन मोजूनच द्यावं लागतं. किडनीचा आजार सोबत असेल तरी प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायचं.

पुढच्या तपासणीला जाताना एक प्रश्न लिहून न्या: "यांना रोज किती ग्रॅम प्रोटीन द्यायचं?" उत्तर फक्त "कमी" असं आलं, तर "म्हणजे किती आणि का?" हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.