भौतिकशास्त्राला का भ्यावे?

आपल्या बीबीजवळच्या लोणारला फार पूर्वी अशनी आदळून काळ्या बेसाल्ट खडकात सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा खड्डा पडला. तो दगड केवढा असेल? किती वेगाने आला असेल? वेग दुप्पट झाला, की ऊर्जा चौपट होते. हा हिशेब भौतिकशास्त्राचा, म्हणजे उर्दूतील तबीइयातचा! दहावीनंतर विज्ञानाची पुस्तके इंग्रजीत येतात, म्हणून आपली अनेक मुलेमुली हा विषय टाळतात. मला हे पटत नाही. 'तवानाई' म्हणा, 'ऊर्जा' म्हणा किंवा 'एनर्जी'. सूत्र तेच राहते. ज्यांना असे प्रश्न पडतात, त्यांनी पदवीला भौतिकशास्त्र मुख्य विषय घ्यावा, निदान दुय्यम तरी. अकरावीतच गणित सोडणाऱ्यांना मात्र ही वाट अवघड जाते.