घाऊकास मुभा, किरकोळीस मनाई

एक पोते पळविणारा तो चोर आणि सारी वखार रिकामी करणारा तो मालक, असा न्याय कोणी सांगू लागला तर शहाद्याच्या बाजारातील हमालही त्यास हसेल. घाऊक आणि किरकोळ हा भेद भावात असतो, नीतीत नसतो, हे आमच्या व्यापारी बंधूंस कोणी शिकवावयास नको. परंतु पक्षांतराच्या बाबतीत आपल्या देशाने १९८५ साली जवळजवळ असाच कायदा केला. एकट्याने पक्ष सोडणे त्याने बंद केले व जमावाने सोडण्यास वाट ठेवली. हा कायदा किरकोळ व्यवहार अडवितो आणि घाऊक व्यवहारास मोकळीक देतो, अशा आशयाची टीका ज्यांनी केली त्यांत कै. मधु लिमये हे प्रमुख होत. तरुण वाचकांच्या कानी हे नाव आज क्वचितच पडते. पडले तरी एक जुने समाजवादी खासदार, एवढीच ओळख निघते. त्यांची टीका कितपत खरी ठरली, आणि ती करण्याचा अधिकार त्यांस कोठून आला, ह्या दोन प्रश्नांचा येथे विचार करावयाचा आहे. पैकी दुसऱ्याचा संबंध आमच्या गावातील वृत्तपत्रांशी व त्यांच्या वाचकांशी थेट पोचतो.

प्रथम कायदा पाहू. ५२व्या घटनादुरुस्तीने घटनेस दहावे परिशिष्ट जोडले गेले. आपण होऊन पक्ष सोडणारा किंवा पक्षादेश मोडून मत देणारा सभासद आपली जागा गमावील, असे त्यात ठरले. मात्र विधिमंडळ पक्षाचा एक तृतीयांश भाग मिळून बाहेर पडला तर ती ‘फूट’, आणि दोन तृतीयांश भागाने दुसऱ्या पक्षात जाणे मान्य केले तर ते ‘विलीनीकरण’. आणि ह्या दोहोंस संरक्षण. पुढे २००३ साली ९१व्या दुरुस्तीने एक तृतीयांशाची सवलत काढून टाकली, दोन तृतीयांशाची राहू दिली. म्हणजे घाऊक व्यवहाराची हद्द वाढविली, व्यवहार बंद केला नाही.

आता महाराष्ट्रात काय घडले ते पाहावे. जून २०२२ मध्ये शिवसेना दुभंगली व जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस दुभंगली. ह्या दोन्ही प्रसंगी विलीनीकरणाचे दार ठोठावण्याची गरजच कोणास भासली नाही. आम्ही पक्ष सोडलाच नाही, आम्हीच मूळ पक्ष होय, असा दावा पुढे आला. सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३च्या निकालात शिवसेनेच्या अपात्रतेचा प्रश्न विधानसभाध्यक्षांकडे सोपविला. आणि १० जानेवारी २०२४ रोजी अध्यक्षांनी दोन्ही गटांपैकी कोणासही अपात्र ठरविले नाही. पुढच्याच महिन्यात राष्ट्रवादीच्या बाबतीतही तोच प्रकार झाला. एकटादुकटा आमदार इकडून तिकडे गेला असता तर कायद्याने त्याची मान धरली असती. येथे थवेच्या थवे उडाले आणि कायदा आकाशाकडे पाहत राहिला. कोणता गट खरा व कोणता खोटा, ह्या वादात आम्हांस शिरावयाचे नाही. मत देणाऱ्याने जे चिन्ह पाहून मत दिले त्याचे पुढे काय झाले, हे त्यास विचारावयाचीही सोय उरली नाही, एवढेच आमचे म्हणणे.

ही टीका करणारा मनुष्य कोण होता? मधु लिमये ह्यांचा जन्म १ मे १९२२ रोजी पुण्यास झाला. महायुद्धाविरुद्ध प्रचार केल्याबद्दल १९४०च्या ऑक्टोबरात, वयाच्या १९व्या वर्षी, त्यांस पकडून धुळ्याच्या तुरुंगात ठेवण्यात आले, व तेथून ते सुटले १९४१च्या सप्टेंबरात. शहादे तेव्हा पश्चिम खानदेशात होते आणि धुळे हे त्या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण. नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तो १९९८ साली. तेव्हा ह्या गृहस्थांच्या दीर्घ तुरुंगवासाची सुरुवात आमच्याच जिल्ह्याच्या तुरुंगात झाली, असे म्हणण्यास हरकत नाही. १९४२च्या चळवळीत ते भूमिगत झाले व एस. एम. जोशी ह्यांच्यासमवेत ‘क्रांतिकारी’ हे गुप्त मराठी पत्र चालवू लागले. म्हणजे राजकारण आणि पत्रकारिता ही दोन्ही त्यांनी जवळजवळ एकाच वेळी आणि एकाच जोखमीवर पत्करिली. १९४३च्या सप्टेंबरात दोघेही पकडले गेले व लिमये १९४५च्या जुलैपर्यंत वरळी, येरवडा व विसापूर येथे डांबलेले होते. पुढे २५ जुलै १९५५ रोजी सत्याग्रहींची तुकडी घेऊन ते गोव्यात शिरले. पोर्तुगीजांच्या पोलिसांनी त्यांस बेदम मारिले, लष्करी न्यायालयाने १२ वर्षांची शिक्षा ठोठाविली, आणि १९५७ साली त्यांची सुटका झाली.

ह्या पुणेकरास लोकसभेत पाठविले ते मात्र बिहारने. १९६४ची पोटनिवडणूक व १९६७ची निवडणूक त्यांनी मुंगेरहून जिंकली, आणि १९७३ व १९७७ साली ते बांक्याहून निवडून आले. ज्या गावच्या पेठेत एकाच दुकानी अहिराणी, गुजराती, भिल्ली, मराठी आणि हिंदी ह्या सर्व भाषांतून सौदा होतो त्या गावच्या लोकांस ह्याचे फारसे नवल वाटणार नाही. नवल वाटावे ते पुण्यामुंबईच्या लोकांस, आणि ते त्यांस अजून वाटते.

कायद्याचा त्यांचा अभ्यास पोथीतला नव्हता, अंगावर आलेला होता. १९६८च्या नोव्हेंबरात बिहारमधील लखीसराय स्थानकावर त्यांस अटक झाली. अटकेची कारणे आपणांस सांगितली गेली नाहीत, हे त्यांनी सर्वोच्च न्यायालयापुढे मांडिले व घटनेच्या २२व्या अनुच्छेदाच्या आधारे डिसेंबरात सुटका मिळविली. १९७४ साली दिल्लीच्या एका पत्रकार परिषदेत महाराष्ट्राच्या तत्कालीन कायदेमंत्र्यांवर केलेल्या आरोपांबद्दल त्यांच्यावर बदनामीचा खटला झाला. तो सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली रद्द केला. उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकारांविषयी वाद निघाला की त्या निकालाचा आधार वकील मंडळी अद्याप घेतात. आणीबाणीत ते पुन्हा तुरुंगात गेले. १९७६ साली लोकसभेने आपली मुदत आपणच वाढवून घेतली, तेव्हा तुरुंगातूनच त्यांनी सभासदत्वाचा राजीनामा दिला. लोकांनी ५ वर्षांसाठी पाठविले असता सहाव्या वर्षाचा पगार व मान घेणे त्यांस योग्य वाटले नाही. ह्या कारणासाठी खुर्ची सोडणारे त्या सभागृहात किती निघाले, हे बोटांवर मोजण्याइतकेच आहे.

येथवर स्तुती झाली. परंतु घाऊक फुटीवर टीका करणाऱ्याचा स्वतःचा हिशेबही तपासला पाहिजे. १९७७ साली जनता पक्ष सत्तेवर आला, त्याचे लिमये हे एक सरचिटणीस होते. पक्षाच्या सभासदाने त्याच वेळी राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचेही सभासद राहावे की नाही, हा दुहेरी निष्ठेचा प्रश्न त्यांनी लावून धरला. आणि १९७९च्या जुलैत तो पक्ष फुटला तेव्हा ते बाहेर पडणाऱ्यांच्या बाजूस होते. त्या फुटीतून आलेले चरणसिंगांचे मंत्रिमंडळ लोकसभेस सामोरे न जाताच कोसळले, व १९८०च्या जानेवारीत इंदिरा गांधी पुन्हा सत्तेवर आल्या. आमच्या मते त्यांनी काढलेला प्रश्न खरा होता, परंतु तो ज्या घडीस व ज्या सोबत्यांबरोबर तडीस नेला त्यामुळे लाखो मतदारांचा विश्वासघात झाला. लिमये ह्यांच्या चाहत्यांस हे रुचणार नाही. तरी पण एवढे म्हटले पाहिजे की, घाऊक व्यवहार कसा चालतो हे त्यांनी दुकानाच्या आत राहून पाहिले होते, आणि मागाहून ते झाकून ठेविले नाही. जनता पक्षाच्या प्रयोगाचा वृत्तांत त्यांनी दोन खंडांत लिहून ठेविला.

हे लिहिण्यास त्यांस सवड कशी मिळाली? १९८२ साली ते सक्रिय राजकारणातून बाजूस झाले व ८ जानेवारी १९९५ रोजी दिल्लीस देहावसान होईपर्यंत इंग्रजी, हिंदी व मराठी वृत्तपत्रांतून आणि ग्रंथांतून लिहीत राहिले. गांधी-नेहरू संबंधांवर चार खंड त्यांनी ह्याच काळात सिद्ध केले. माजी खासदाराचे निवृत्तिवेतन त्यांनी घेतले नाही आणि स्वातंत्र्यसैनिकाचेही घेतले नाही. लेखाचे मानधन हीच त्यांची मिळकत, आणि राहणी तिला शोभेल अशी. आमच्या समजुतीप्रमाणे सगळे मर्म येथे आहे. सभागृहातील खाचाखोचा ठाऊक असलेले लोक पुष्कळ असतात, परंतु बहुधा त्यांस अजून काही मिळवावयाचे असते. ज्यांस काही मिळवावयाचे नसते त्यांस आतले काही ठाऊक नसते. लिमये ह्यांस आतले ठाऊक होते आणि मिळवावयाचे काही उरले नव्हते.

आता आपल्या गावाकडे वळू. शहाद्यासारख्या तालुक्याच्या ठिकाणी वृत्तपत्र कोणाच्या पैशावर चालते, ह्याचा विचार वाचकाने कधी केला आहे काय? अंकाच्या किंमतीत कागदाचा खर्चही निघत नाही. उरलेली तूट भरून निघते ती पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या पुरवण्यांतून. त्या पुरवणीत पुढाऱ्याचा हसरा फोटो वर आणि ‘शुभेच्छुक’ म्हणून पेठेतील दुकानदारांची रांग खाली. ह्या रांगेतील किती जणांनी शुभेच्छा मनापासून दिल्या, किती जणांनी नाइलाजाने दिल्या आणि किती जणांची नावे विचारल्यावाचूनच छापली गेली, हे ज्याचे त्यास ठाऊक. पैसा मात्र गेला. आणि ज्या पत्राने वर्षाकाठी एका पुढाऱ्याच्या चार पुरवण्या काढिल्या, ते त्याने पक्ष बदलला त्या दिवशी कोणत्या तोंडाने जाब विचारणार? २००९च्या निवडणुकांनंतर पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा प्रश्न प्रेस कौन्सिलपुढे गेला, १ वर्षात त्यावर अहवालही झाला. पण शुभेच्छांची पुरवणी ही जाहिरातच म्हणून गणली जात असल्यामुळे ती असल्या चौकशीच्या चिमट्यात सापडत नाही.

व्यापारी बंधूंस आमची विनंती साधी आहे. शुभेच्छेच्या रांगेत नाव घालण्याचा जो खर्च वर्षातून दोनतीनदा होतो, त्यातील एका वेळच्या रकमेत कोणत्याही स्थानिक पत्राची वर्षाची वर्गणी सहज भागते. ती वर्गणी भरावी आणि पुरवणीस नकार द्यावा. एकट्याने नकार देणे जड जाते हे आम्ही जाणतो. पेठेतील १०-२० दुकानदारांनी मिळून ठरविले तर कोणी कोणाचे नाव घेणार नाही. पत्रकर्त्यांनीही प्रत्येक जाहिरातीखाली पैसे देणाराचे नाव छापण्याचा नेम करावा. आमच्या ह्या पत्रावरही हीच कसोटी लावावी.

कायद्याविषयी मागावयाचे तेही उमेदवार दाराशी येतो तेव्हाच मागितले पाहिजे. दहाव्या परिशिष्टातील दोन तृतीयांशाची सवलत रद्द करण्यास तो मत देईल काय? सभागृहाचा अध्यक्ष बहुधा एका पक्षाचाच असतो. तेव्हा अपात्रतेचा निर्णय त्याच्या हातून काढून स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे सोपविण्याचा विचार संसदेने करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने मणिपूरच्या प्रकरणात २०२० साली सुचविले, आणि अध्यक्षांनी असे अर्ज सामान्यतः ३ महिन्यांत निकालात काढावेत असेही म्हटले. शिवसेनेच्या प्रकरणास दीड वर्ष लागले. ह्या दोन गोष्टींवर उमेदवाराचे उत्तर लेखी घ्यावे, आणि ते कोणत्याही पक्षाचे असो, आम्ही छापू.