कव्वालीच्या कानांनी जॅझ

मागच्या महिन्यात बहिणीच्या मुलाने विचारलं, "मामू, जॅझ ऐकायचंय. सुरुवात कुठून करू?" मी काही बोलायच्या आतच त्याने आवाज खाली आणून दुसरा प्रश्न टाकला, "आणि अम्मीला काय सांगू?"

दुसरा प्रश्न आधी घेतो. संगीत जायज की नाजायज, यावर उलेमांमध्ये शेकडो वर्षांचे मतभेद आहेत. तो वाद मी एका लेखात मिटवू शकत नाही, आणि ज्याला ऐकायचं नाही त्याच्याबद्दल मला आदरच आहे. पण 'ही गोऱ्यांची, दारूच्या अड्ड्यावरची गाणी, आपला काय संबंध?' असं म्हणून कुणी जॅझ बाजूला सारत असेल, तर ते मला मान्य नाही. कारण ते खरं नाही.

जॅझ उभं केलं ते अमेरिकेतल्या काळ्या माणसांनी, गुलामांच्या वंशजांनी. 1940 नंतरच्या काळात त्यांच्यातल्या अनेक वादकांनी इस्लाम स्वीकारला. ड्रमवादक आर्ट ब्लेकी अब्दुल्ला इब्न बुहैना झाले. पियानोवादक मॅकॉय टायनर यांनी सुलेमान सऊद हे नाव घेतलं. अहमद जमाल आणि युसुफ लतीफ तर याच नावांनी जगभर गाजले. फॅरो सँडर्स या सॅक्सोफोनवादकाच्या 1967 च्या अल्बमचं नावच 'तौहीद' आहे. यावरून जॅझ 'इस्लामी' आहे असं मला म्हणायचं नाही. ते काळ्या अमेरिकनांचं आहे आणि त्याचं श्रेय त्यांचंच. एवढंच म्हणायचंय की हे घर आपल्याला वाटतं तेवढं परकं नाही.

शिवाय आपले कान आधीच तयार आहेत. गोव्याच्या वादकांनी जॅझ हिंदी सिनेमात केव्हाच आणलं. सी. रामचंद्रांच्या 1951 च्या 'अलबेला'मध्ये चिक चॉकलेट यांचा बँड वाजलेला आहे. आणि ज्याने कव्वाली ऐकली आहे, त्याला जॅझमधली मुख्य गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. कव्वाल एक मिसरा धरतो, तो दहा तऱ्हांनी फिरवतो, साथीदार त्याला उत्तर देतात, आणि मैफल कुठे जाईल हे आधी ठरलेलं नसतं. जॅझही असंच चालतं.

म्हणून मी नेहमीचा सल्ला देणार नाही. जाणकार म्हणतात, माइल्स डेव्हिसच्या 1959 च्या 'काइंड ऑफ ब्लू'पासून सुरू करा. तो अल्बम थोरच आहे, पण तिथे नंतर जा. आधी जवळच्या दारातून आत या.

पहिलं दार अरूज आफताबचं. लाहोरमध्ये वाढलेल्या आणि न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या या गायिकेचा 'व्हल्चर प्रिन्स' (2021) तिच्या दिवंगत धाकट्या भावाला अर्पण केलेला आहे. हार्प, गिटार, डबल बेस आणि त्यावर उर्दू. 'मोहब्बत' ही मेहदी हसन यांनी घराघरात पोचवलेली हफीज होशियारपुरींची गझल तिने इतकी संथ केली आहे की दुःख नव्याने कळतं. या गाण्याला 2022 मध्ये ग्रॅमी मिळाला. तिचाच 'लव्ह इन एक्झाइल' (2023) पियानोवादक विजय अय्यर आणि शहजाद इस्माइली यांच्यासोबतचा आहे. यातल्या काही रचना दहा मिनिटांहून लांब आहेत. घाई असेल तर लावू नका.

दुसरा, ट्युनिशियाच्या अन्वर ब्राहेम यांचा 'ब्लू मकाम्स' (2017). मकाम म्हणजे अरबी संगीतातली स्वरांची चौकट, आपल्या रागाची चुलत बहीण म्हणा. ऊद या वाद्याला पडदे नसतात, त्यामुळे दोन स्वरांमधल्या जागाही त्यावर वाजतात. पियानोला ते जमत नाही. या अल्बममध्ये दोन्ही वाद्यं एकमेकांना जागा देत वाजतात.

हीच अडचण ट्रम्पेटवाल्यांनी वेगळ्या रीतीने सोडवली. लेबनॉनच्या नसीम मालूफ यांनी ट्रम्पेटला चौथी कळ बसवून पाव स्वर वाजवता येतील असं केलं. त्यांचा मुलगा इब्राहिम मालूफ याने 'कुलसुम' (2015) या अल्बममध्ये उम्म कुलसुम यांचं 'अल्फ लैला व लैला' जॅझमध्ये बांधलं. त्यानंतर याझ अहमद या ब्रिटिश-बहरिनी ट्रम्पेटवादक बाईंचा 'ला साबोतूझ' (2017) ऐका. स्वतःवर शंका घेणारा जो आवाज प्रत्येकाच्या आत असतो, त्याच्याबद्दलचा हा अल्बम आहे. आपल्या मुलींनी तो जरूर ऐकावा.

शेवटी 'प्रॉमिसेस' (2021). ऐंशीच्या उंबरठ्यावरचे तेच फॅरो सँडर्स, इलेक्ट्रॉनिक संगीतकार फ्लोटिंग पॉइंट्स आणि लंडनचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा. एकच छोटीशी सुरावट सुमारे 46 मिनिटं परत परत येते, जशी हातात तसबीह फिरावी.

एक इशारा. फ्यूजनच्या नावावर पुष्कळ भुसा विकला जातो. गिटारवर तबला चिकटवला की झालं! माझी कसोटी सोपी आहे. त्यातलं एक वाद्य मनातल्या मनात काढून टाका. गाण्याचं काहीच बिघडलं नाही, तर ती नुसती सजावट होती. वरच्या अल्बममधून काहीही काढून बघा, इमारत कोसळते.

आठवड्याला एकच अल्बम ऐका. इशानंतर, फोन बाजूला ठेवून.

आणि अम्मीला काय सांगायचं? काहीच सांगू नकोस. ती स्वयंपाकघरात असताना 'मोहब्बत' लाव. ती म्हणेल, "मेहदी हसनची गझल ही, अशी कुणी बिघडवली रे?" तिला जवळ बसव आणि पूर्ण ऐकव. लपून ऐकण्यापेक्षा तिच्याशी भांडत ऐकलेलं बरं.