नकार पचवण्याचा तास

नववी-दहावीच्या वर्गात निनावी चिठ्ठ्या मागवल्या, की ‘तिनं नाई म्हटलं त मंग काय करा?’ हा प्रश्न कुणाच्या ना कुणाच्या अक्षरात येतोच. जळगाव जामोदसारख्या तालुक्यात काम करणाऱ्या शिक्षक-समुपदेशकांना तो नवा नाही. आसलगाव, पिंपळगाव काळेच्या एसटीची वाट पाहणारी मुलं-मुली स्टँडच्या दोन टोकांना उभी असतात. मोबाइलवर मात्र तीच एकमेकांशी बोलत असतात. सातपुड्याच्या पायथ्याची कितीतरी मुलं आश्रमशाळेत वाढतात. त्यांचे रुसवे मिटवायला घरचं माणूस जवळ नसतं.

शाळेचं उत्तर ठरलेलं: बाक वेगळे, बोलताना दिसले की पालकांना बोलावणं. हा बंदोबस्त झाला, शिक्षण नव्हे. 2007 मध्ये विधिमंडळात गदारोळ झाला, शालेय लैंगिक शिक्षण थांबलं आणि तेव्हापासून आपण जरा जास्तच जपून आहोत. र. धों. कर्वे यांनी 1927 साली ‘समाजस्वास्थ्य’ काढलं आणि खटले अंगावर घेत 1953 पर्यंत चालवलं, हे आठवलं की आपलं जपणं ओशाळवाणं वाटतं. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांच्या ‘तारुण्यभान’ शिबिरांनी वाट घालून दिलेलीच आहे.

शरीररचनेच्या तक्त्यापाशी मात्र थांबू नका. वर्गात दोघांना उभं करा. एकाने वही मागायची, दुसऱ्याने कारण न देता नाही म्हणायचं. मागणारा लगेच ‘काऊन बे?’वर येतो, मग टोमणा, मग अबोला. तिथेच थांबवून विचारा, आता पोटात काय होतंय? ‘बरं’ म्हणून बाजूला होणं त्याच्याकडून पुन्हा पुन्हा करून घ्या; मुलींकडून न हसता, न लाजता ‘नाही’ म्हणणं. वहीवर जमलं, की मैत्री, फोटो, पासवर्ड यांकडे वळा.

‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन मात्र देऊ नका. 18 वर्षांखालच्या मुलांची संमती पॉक्सो कायदा मानत नाही, आणि लैंगिक गुन्हा कळल्यावर तो पोलिसांना कळवणं कलम 19 नुसार बंधनकारक आहे. हे पहिल्याच तासाला मुलांना सांगा. चाइल्ड हेल्पलाइनचा 1098 फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

या सत्रात आठवड्याचा एक तास वेळापत्रकात या विषयाच्या नावाने लावाच, पी.टी.चा उसना घेतलेला नको. चिठ्ठ्यांतले प्रश्न आमच्याकडे पाठवा. मुलाचं नाव, गाव, शाळा काही नको, प्रश्न तेवढा पुरे.