नाकापेक्षा मोती जड नको
पिकअपच्या हौद्यावर टणक झाकण बसवताना चार गोष्टी आधी पाहा

मे २०२५ मधला पाऊस आपल्यापैकी कुणीच विसरलेले नसेल. मृगाची वाट पाहायची तर मे महिन्यातच आभाळ फाटले. आमचा उन्हाळ कांदा पिकअपमध्ये भरून लासलगावच्या रस्त्याला लागला होता. वर ताडपत्री होती, दोरही होता. अर्ध्या वाटेत वारा सुटला, ताडपत्रीचे एक टोक निसटले आणि गाडी थांबवून चढेपर्यंत वरचा थर भिजून निघाला. चुलतभाऊ ढिगावर उभा राहून दोर ओढत होता, तो घसरून खाली आला. मनगट मोडले. कांद्याचा भाव तर गेलाच, वर सहा आठवडे हाताला प्लास्टर. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा.

असे प्रसंग गावोगाव घडले आहेत. म्हणूनच आता जो तो म्हणतो, ताडपत्रीची कटकट नको, हौद्यावर कायमचे टणक झाकण करून टाकू. विचार चांगला आहे. पण शेतकरी बांधवांनो, झाकण करताना आपण जी घाई करतो ती मोठी महागात पडते. मी हे पुस्तकातले सांगत नाही. या पावसाच्या कितीतरी आधी आम्ही एकदा टणक झाकण करून पाहिले होते आणि हात पोळून घेतले होते.

रणगाडा नको

तेव्हा आम्ही वर्कशॉपमध्ये गेलो. वेल्डिंगवाला म्हणाला, “भाऊ, असा रणगाडा बनवून देतो की दहा वर्षं हात लावायचं काम नाही.” आम्हालाही तेच हवे होते. चारही बाजूंनी पत्रा, वर पत्रा, मागे दोन दारे, कडी-कोयंडा, कुलूप. गाडी गावात आली तेव्हा लोक बघायला जमले. आठ दिवसांनी कोथिंबीर भरली. एप्रिलचा महिना, दुपारी तीनला शेतातून निघालो, संध्याकाळच्या लिलावाला नाशिकला पोचलो. दार उघडले तर आतून वाफ आली. जुड्या पिवळ्या पडून मलूल झालेल्या. व्यापारी हसून म्हणाला, “काका, कोथिंबीर आणली का शिजवून भाजी आणली?” त्या दिवशी भाडे निघेल एवढेही हाती लागले नाही. शेवटी तो रणगाडा उतरवून भंगारात दिला आणि पुन्हा ताडपत्रीवर आलो.

यात वेल्डिंगवाल्याचा दोष नाही. त्याने पत्र्याचे काम चोख केले होते. चूक आमची, कारण गाडीत काय भरणार हे आम्ही त्याला सांगितलेच नाही. काढलेली भाजी मेलेली नसते, ती श्वास घेत असते आणि त्या श्वासाबरोबर उष्णता बाहेर टाकत असते. पालेभाजी तर सर्वांत जास्त. बाहेरून उन्हाने तापलेला पत्रा आणि आतून भाजीची ऊब, मध्ये हवा हलायला जागा नाही. दुसरे काय होणार? पत्र्याची पेटी म्हणजे शीतगृह नव्हे, उलट भट्टी आहे.

म्हणून पहिली गोष्ट ही की, वर्षभरात गाडीत काय काय जाते त्याची यादी करा आणि मगच झाकण ठरवा. कोरडा माल, म्हणजे सोयाबीन, मका, खताच्या गोण्या, मोटार, ठिबकचे साहित्य, हा जास्त जात असेल तर फाळक्यांच्या काठावर बसणारे सपाट झाकण पुरे. युरियाला ओल चालत नाही, सोयाबीनलाही नाही, आणि दोन्हींना उंची लागत नाही. भाजीपाला, टोमॅटोचे क्रेट, द्राक्षाच्या पेट्या जास्त जात असतील तर वर टणक छत, बाजूंना जाळी आणि जाळीवर गुंडाळून ठेवता येणारा ताडपत्रीचा पडदा ही रचना बरी. ऊन-पाऊस वरून अडतो, हवा बाजूने खेळते, पाऊस आडवा आला तर पडदा खाली सोडायचा. मनगटाच्या त्या प्रसंगानंतर आम्ही हीच रचना केली. ढिगावर चढून दोर ओढण्याचे काम कायमचे संपले. छताला पांढरा रंग द्या, गडद रंगापेक्षा पांढरा पत्रा कमी तापतो.

कांद्याचे जरा वेगळे आहे. आपल्याकडे कांदा मोकळा भरून नेतात आणि लिलाव गाडीवरच होतो. व्यापारी वरून हात घालून माल बघतो. अशा वेळी छत बुटके असेल तर त्याला माल दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या मालाला कुणी चढा भाव लावत नाही. त्यामुळे कांदेवाल्याने सपाट पण पूर्ण उघडणारे झाकण घ्यावे. काहीजण म्हणतील, सपाट झाकणाखाली ढीग कसा मारायचा? त्याचे उत्तर पुढे वजनाच्या हिशेबात आहे.

पत्रा किलोवर बोलतो

दुसरी गोष्ट वजन. गाडी विकत घेताना आपण एकेक किलोचा माल मोजतो, पण झाकणाचे वजन कुणी विचारत नाही. हिशेब सोपा आहे. अठरा गेजचा लोखंडी पत्रा साधारण १.२ मिलिमीटर जाड असतो आणि त्याचे वजन चौरस मीटरला सुमारे साडेनऊ किलो भरते. हौदा नऊ फूट लांब, साडेपाच फूट रुंद धरा आणि फाळक्याच्या वर चार फूट उंचीची बंद पेटी करा. छत आणि चारही बाजू मिळून १६५ चौरस फूट, म्हणजे पंधरा चौरस मीटरच्या वर पत्रा लागतो. नुसत्या पत्र्याचे वजन १४५ किलो. चौकोनी पाइपचा सांगाडा, दारे, बिजागऱ्या धरल्या की दोनशेच्या पुढे.

आता आरसी काढून बघा. समजा गाडीचे मालासह एकूण वजन २,९९० किलो आणि रिकाम्या गाडीचे १,६९० किलो असेल तर माल भरायला १,३०० किलो उरतात. त्यातले दोनशे झाकणाने खाल्ले. वीस किलोचे दहा क्रेट प्रत्येक फेरीला कमी. महिन्याला वीस फेऱ्या झाल्या तर चार टन माल नुसत्या पत्र्याने अडवला. नाकापेक्षा मोती जड तो हाच. तेवढ्याच जाडीचा अॅल्युमिनियमचा पत्रा लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश वजनाचा असतो. महाग पडतो हे खरे, आणि सगळीकडे वापरायची गरजही नाही. सांगाडा लोखंडाचा, छत अॅल्युमिनियमचे, बाजूंना जाळी असे केले तर वजन बरेच खाली येते. आमच्या गाडीवरचे आता सगळे मिळून सव्वाशे किलोच्या आत आहे.

आणि कांद्याच्या ढिगाचे उत्तर. दीड फुटी फाळक्यांचा हौदा कांद्याने काठोकाठ भरला की साधारण सव्वा टन माल बसतो. म्हणजे काठाच्या वरचा ढीग हा बहुतेक वेळा कायद्याच्याही वरचा ढीग असतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा वजनाला वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार असा दंड आहे. सगळेच भरतात म्हणून आपणही भरतो, हे मला माहीत आहे. पण टायर, पाटे आणि ब्रेक यांना “सगळेच” कळत नाही.

पाणी, वारा आणि धूळ

तिसरी गोष्ट बारीक कामाची. झाकण अगदी सपाट करू नका. मध्ये थोडा उंचवटा ठेवा, नाहीतर पाण्याचे डबके साचते आणि झाकण उघडताना ते सगळे मालावर ओतते. काठाला रबराची पट्टी लावा. गाडी धावते तेव्हा हवा मागच्या बाजूने आत ओढली जाते, म्हणून धूळ पुढून नव्हे तर मागच्या फाळक्याच्या फटीतून शिरते. रबर तिथे आधी लावा. हौद्याला भोके पाडून बोल्ट ठोकण्यापेक्षा क्लॅम्पने आवळा. जिथे भोक, तिथे दोन पावसाळ्यांत गंज. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यालाही वेल्डिंगच्या जागी मुलामा जळतो, तिथे प्रायमर मारून घ्या.

नऊ फुटांचे एकसंध झाकण कधीच करू नका. ते एकट्याने उचलत नाही आणि उघडलेले असताना वाऱ्याने डोक्यावर येते. दोन किंवा तीन तुकड्यांचे, घडी होणारे करा. उघडे झाकण धरून ठेवायला टेकण्याचा दांडा आणि त्याला खीळ हवीच. झाकणाने मागचे दिवे, नंबरप्लेट, चमकपट्ट्या झाकल्या जाता कामा नयेत. छत उंच केले असेल तर मागच्या काचेतून काही दिसत नाही, तेव्हा बाजूचे आरसे मोठे घ्या. कसारा घाटात उंच छताच्या गाडीला आडवा वारा कसा ढकलतो ते मुंबईला माल नेणाऱ्यांना विचारा.

कागद आणि माणसं

चौथी गोष्ट कायद्याची. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, आरसीवरच्या नोंदीशी विसंगत होईल असा बदल गाडीत परस्पर करता येत नाही. केला तर मालकाला प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. तेव्हा वर्कशॉपच्या आधी आरटीओची पायरी चढा, नोंद लागत असेल तर करून घ्या आणि विमा कंपनीलाही लेखी कळवा. अपघातानंतर कागद शोधणे म्हणजे वरातीमागून घोडे.

याच ठिकाणी एक कळकळीची विनंती. छत झाले की लगेच कुणीतरी म्हणते, “आता बायामाणसांना सावलीत बसवून नेता येईल.” कृपा करून हे करू नका. मालाच्या गाडीत माणसे नेणे बेकायदा तर आहेच, पण ताडपत्रीखालचा मजूर निदान ओरडला तर ऐकू येतो, पत्र्याच्या पेटीतला येत नाही. गाडी उलटली आणि दार बाहेरून लावलेले असेल तर आतल्यांनी काय करायचे? मजुरांसाठी मजुरांची गाडी करा. ते भाडे कुणाच्या जिवापेक्षा महाग नाही.

आता सरपंच, ग्रामसेवक आणि शेतकरी कंपन्यांच्या संचालकांसाठी दोन शब्द. सामूहिक कामासाठी गाडी घेताना कोटेशनमध्ये “बॉडीसह” एवढा एकच शब्द असतो आणि त्या शब्दाखाली काहीही खपते. पत्रा किती गेजचा, झाकणाचे वजन किती, किती तुकड्यांचे, हे लिहून मागा. गाडी ताब्यात घेताना रिकामी गाडी वजनकाट्यावर चढवा आणि पावती फाइलला लावा. पावतीला वेळ लागत नाही, पण पुढची दहा वर्षे ती बोलत राहते. गावातली घंटागाडी बघा. तिला झाकण असते, पण कचरा सांडतच जातो, कारण ते झाकण दारोदारी उचलायचे असते आणि ते जड असते. चार दिवस कामगार उचलतो, पाचव्या दिवशी उघडे टाकतो. त्याला आळशी म्हणायच्या आधी ते झाकण आपण स्वतः वीस वेळा उचलून पाहावे. जे झाकण उघडायला जड, ते उघडेच राहते.

तेव्हा मुद्दा एवढाच. झाकण टणक हवे, पण ते मालासाठी हवे, गावाने बघावे म्हणून नको. आधी माल, मग वजन, मग हवा-पाणी, मग कागद, आणि सर्वांत शेवटी पत्रा. आम्ही पत्र्यापासून सुरुवात केली आणि एक गाडी कोथिंबीर देऊन हे शिकलो. तुम्ही ते फुकटात शिका. पाऊस काही आता पंचांग बघून येत नाही. तो यायच्या आधी, या हंगामात गाडी मोकळी असेल तेव्हाच ती एकदा रिकामी वजनकाट्यावर नेऊन या.