फायबरग्लासखालचा गंज
पोर्शच्या 1954 साली आलेल्या ‘356 स्पीडस्टर’ या उघड्या मोटारीच्या प्रतिकृती, म्हणजे तिच्या रूपावर बेतलेल्या नव्या घडणीच्या गाड्या, पुष्कळदा जुन्या फोक्सवॅगन बीटलच्या सांगाड्यावर फायबरग्लासची बॉडी चढवून तयार केल्या जातात, आणि ही बॉडी गंजत नाही हीच खरी मेख आहे, कारण वरचा रंग लखलखीत असताना खालचा पोलादी पत्रा पार पोखरलेला असू शकतो. बीटलची बॅटरी मागच्या आसनाखाली बसते आणि तिच्यातून सांडलेल्या आम्लाने तिथला तळाचा पत्रा कुजतो, म्हणून कार्पेट उचलून तो भाग स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने टोचून पाहावा; पत्रा मऊ लागला किंवा पापुद्रे सुटले, तर नुसता रंगाचा हात मारून भागत नाही. बीटलचा 2400 मिलिमीटरचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या व मागच्या आसांमधले अंतर, मूळ पोर्शच्या 2100 मिलिमीटरच्या जवळ आणण्यासाठी अनेकदा सांगाडा मध्येच कापून जोडतात, आणि त्या सांध्याचे कच्चे वेल्डिंग गंजाहूनही घातक ठरते. अस्सलपणाचा निवाडा पोर्शच्या बिल्ल्यावरून होत नाही. तो मागच्या आसनाखाली, सांगाड्याच्या मधल्या कण्यावर ठोकलेल्या क्रमांकावरून होतो, आणि हा क्रमांक नोंदणीच्या कागदांशी तंतोतंत जुळत नसेल, तर किंमत कितीही उतरली तरी खरेदीदाराने तो व्यवहार करू नये.