काठी, झोळी आणि भाराचा हिशेब

पावसाळा सरून आकाश निवळले, की सह्याद्रीच्या वाटा तरुणांना खुणावू लागतात. पूर्वी अशा भ्रमंतीला पायांत मजबूत बूट, पाठीवर पिशवी आणि हातात बांबूची काठी एवढे साहित्य पुरत असे. आता लांबी कमी-अधिक करता येणाऱ्या ट्रेकिंग पोलच्या जोड्या मिळतात आणि दोन झाडांच्या मध्ये बांधून निजण्याची हलकी कापडी झोळी, म्हणजे हॅमॉकही मिळते. दोन्ही वस्तू जवळ असल्या, की मनात साहजिकच विचार येतो : जिथे झाडे नाहीत, तिथे या काठ्यांनाच झोळी बांधली तर?

एका घरात दिवाळीनंतर हाच विषय निघाला. महाविद्यालयात शिकणारी नात हरिश्चंद्रगडावर जाण्याची तयारी करीत होती. एकाच खर्चात चालण्याची काठी आणि निजण्याचा खांब, हा व्यवहार तिला फायद्याचा वाटत होता. आजीने सारे शांतपणे ऐकले आणि विचारले, "अगं, रात्री काठी मोडली, तर तुझ्या पाठीखाली काय असेल?"

"कातळ," नात म्हणाली.

"मग तुझे वजन पेलेल का, हे आधी त्या काठीला विचार."

आजीचा प्रश्न साधा होता, परंतु खरेदीचे सारे मर्म त्यातच होते. समजा, झोळीत निजणाऱ्याचे वजन ६० किलो आहे. झोळीचे पट्टे आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करून बांधले, तर प्रत्येक पट्ट्यावर ३० नव्हे, तर पुरा ६० किलोंचा ताण येतो. झोळी अधिक ताणून कोन १५ अंशांवर आणला, तर तोच ताण सुमारे ११६ किलोंवर जातो. झाड हा ताण सहज सोसते, कारण त्याची मुळे खोल गेलेली असतात. झाडाच्या जागी काठी उभी केली, की तिला मागून दोरीने जमिनीत खुंटीला ताणून धरावे लागते. पट्टा ३० अंशांत आणि मागची दोरी ४५ अंशांत असेल, तर काठीवर उभा दाब सुमारे ८२ किलोंचा पडतो आणि खुंटीवर ओढ सुमारे ७३ किलोंची येते. सडपातळ, दोन-तीन तुकड्यांची काठी अशा दाबाखाली मध्येच वाकते किंवा तिचा सांधा घसरतो. शिवाय मुरमाड जमिनीत अशी ओढ सोसणारी खुंटी ठोकणे कठीण आणि कातळात तर अशक्यच. म्हणून नियम स्पष्ट आहे : माणसाचा भार चालण्याच्या काठीवर कधीही टाकू नये. अशा भारासाठी मुद्दाम बनविलेले उभे सांगाडे वेगळे असतात आणि त्यांची वजनमर्यादा उत्पादकाने लिहून दिलेली असते.

मग काठीचा दुहेरी उपयोग खोटाच म्हणावा का? तसे नाही. झोळीचा भार झाडांनी वाहावा आणि छपराचा भार काठ्यांनी, अशी ही वाटणी आहे. झोळीवर दव आणि पाऊस अडविणारे ताडपत्रीसारखे हलके कापड ताणतात. त्याची एक बाजू दोन काठ्यांवर उचलून धरली, की घराच्या पडवीसारखी जागा तयार होते. तिथे बसता येते, स्वयंपाक करता येतो, ओले बूट ठेवता येतात. आणि पठारावर झाडेच नसतील, तर दोन काठ्यांवर तेच कापड तंबूसारखे उभारावे, खाली चटई अंथरावी आणि झोळी अंगाखाली पसरून जमिनीवरच निजावे. तेव्हा काठीवर केवळ कापडाचा आणि वाऱ्याचा भार असतो आणि तो ती नीट पेलते.

हा हिशेब पटला, की निवड सोपी होते. पहिली पाहण्याची गोष्ट म्हणजे लांबी. चालताना कोपर काटकोनात राहील एवढी काठी हवी, चढावर थोडी आखूड आणि उतारावर थोडी लांब. छपरासाठी मात्र १२० ते १३५ सेंटीमीटर उंची लागते. म्हणून लांबी बदलता येणारी काठीच घ्यावी. दुमडून आखूड होणाऱ्या काही काठ्यांची लांबी ठरलेली असते, त्या या कामी गैरसोयीच्या ठरतात. लांबी बदलणाऱ्या काठीचा आणखी एक लाभ असा, की घरातील उंच-ठेंगण्या सर्वांना एकच जोडी वापरता येते.

दुसरी गोष्ट सांध्याची पकड. बाहेरून दाबून बंद होणाऱ्या खटक्याची काठी पिळून घट्ट होणाऱ्या काठीपेक्षा अधिक विश्वासाची, कारण धूळ आणि ओल शिरल्यावर पिळाची पकड घसरू लागते. दुकानातच काठी उघडून, खटका लावून तिच्यावर सरळ जोर द्यावा. ती तसूभरही खाली सरकता कामा नये. नळीवर कमाल लांबीची खूण असते, तिच्यापुढे काठी ओढू नये.

तिसरी गोष्ट काठीच्या साहित्याची. कार्बनची काठी हलकी असते, पण आडवा फटका बसल्यास तडकते. ॲल्युमिनियमची काठी थोडी जड आणि सहसा स्वस्त. ती बहुधा मोडण्याआधी वाकते आणि मुक्कामापर्यंत साथ देते. दगडधोंड्यांच्या वाटेवर नवख्याने तीच घ्यावी.

झोळी बांधतानाही काही पथ्ये आहेत. झाड जिवंत आणि मांडीएवढे जाड असावे, वर वाळकी फांदी नसावी. नारळाचे झाड टाळावे. बारीक दोरी साल कापते, म्हणून किमान अडीच सेंटीमीटर रुंद पट्टे वापरावेत. झोळीची बसण्याची उंची खुर्चीएवढीच, म्हणजे सुमारे ४५ सेंटीमीटर ठेवावी आणि खालचे दगड, काटे आधी दूर करावेत. थंडीत पाठीखालून वारा जातो, तेव्हा झोळीतही चटई हवीच. हरिश्चंद्रगडाचा परिसर अभयारण्यात येतो. अशा ठिकाणी मुक्कामाचे नियम वन विभागाकडे विचारूनच बेत ठरवावा.

त्या नातीने अखेर ॲल्युमिनियमची, खटक्याची जोडी घेतली आणि झोळीबरोबर एक चटईही पिशवीत भरली. परतल्यावर आजीच्या सांगण्यावरून तिने काठ्यांचे तुकडे वेगळे केले, कोरड्या फडक्याने पुसले आणि सावलीत वाळत ठेवले. सांध्यांना तेल लावले नाही, कारण तेलाने पकड सुटते. वाळल्यावर आजीने एक काठी आपल्या उंचीची करून घेतली आणि अंगणात दोन फेऱ्या मारून पाहिल्या.